उत्तर न दिल्यास

दोंडाईच्यात मिरचीचा हंगाम असला की
माझ्या दुकानात फोन आधी शिंकतात, मग वाजतात.
स्टँडमागं, पंक्चरवाल्याच्या भिंतीला टेकून
सहा बाय आठची जागा.
स्पीकरच्या जाळीतली लाल भुकटी
मी जुन्या टूथब्रशनं झाडते,
गिऱ्हाईक म्हणतं, ताई, आवाज मोकळा झाला.

झुलाल आप्पा मंगळवारी आले.
टोपी मांडीवर, फोन टोपीत,
आजारी पिल्लू आणावं तसा.
"मना फोन मरेल शे का देख.
तीन वरीसपाईन कोनाच फोन येस नही."

बघितलं. रेंज चार काड्या.
रिंग मोठी, ब्लॉक यादीत कुणी नाही,
कॉल वेटिंग सुरू.
आप्पांनी लावला तर लागत होता,
येत मात्र काही नव्हतं.
"गावज मरी गयं व्हई मंग," म्हणाले, हसल्यासारखं.

मग सेटिंग. मग कॉल. मग आणखी आत,
जिथं सहसा कुणाचा अंगठा जात नाही
तिथं एक बारीक ओळ:
नेहमी फॉरवर्ड करा. सुरू.
खाली नंबर. मी वाचायला लागले,
सहाव्या आकड्याला आप्पांनी मान खाली घातली.
"हिलालना शे."

मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, धुळ्याला.
व्यापाऱ्याचे फोन चुकू नयेत म्हणून
लावून दिलं होतं हिलालच्याच पोरानं, आठ दिवसांपुरतं.
सहाव्या दिवशी बांधावरच्या बाभळीवरून
भाऊ भावाशी बोलायचा थांबला.
बाभूळ तोडली गेली.
सेटिंग तसंच राहिलं.

मी बंद करायला बोट नेलं.
"थांब बेटा. पहिले तुना फोनवरथीन माले लाव."

लावला.
टोपीतला फोन गप्प.
तिकडं तिसऱ्या रिंगला उचलला कुणीतरी,
मागं पाण्याच्या मोटरचा आवाज,
पुढं धाप लागलेला गळा:
"हा बोला. झुलाल भाऊ वावरमा गया शे.
उना का सांगस मी त्याले. काय निरोप शे?"

मला कसला निरोप असणार.
"बोला ना. वहीमा लिखी लेस मी."

मी फोन ठेवला.
आप्पा काचेवरच्या रिचार्जच्या स्टिकरकडं बघत होते.
"तरीज," ते म्हणाले, "त्याना आंडोर
दारमा उभा राहीसन सांगी जाये,
बँकवाला येनार शे, शिरपूरले लगन शे.
माले वाटे, गावनाज निरोप व्हई."
डोळे पुसले. हंगामात इथं
कुणी कुणाला डोळ्यांचं विचारत नाही.

मग मी पर्याय वाचले, फोनवर होते तसे:
नेहमी.
व्यस्त असताना.
उत्तर न दिल्यास.
संपर्काबाहेर असताना.
"पहिलं काढ," म्हणाले. मग थांबून,
"तिसरं कसं ऱ्हास?"
म्हटलं, आधी तुमचाच वाजेल. पाच सेकंद, दहा, वीस.
नाहीच उचलला तर तिकडं जाईल.
"तीस व्हस का?"
"होतं. त्याच्यापुढं नाही होत."
"तीस कर. नंबर तोज राहू दे."

केलं. वीस रुपये सांगितले,
तपासायला पुन्हा लावला.
वाजला. तीन वर्षांनी वाजला, भजनाची कसलीशी ट्यून,
पंक्चरवाल्यानंही वाकून बघितलं.
आप्पांनी तो तळहातावर धरला,
आणि उचलला नाही.
सगळे तीस सेकंद ऐकले, ओठ हलत होते,
मोजत असावेत.

मग माझ्या फोनातून तोच गळा, मोटर आता बंद:
"हा बोला. झुलाल भाऊ वावरमा..."

आप्पा काउंटरवरून पुढं वाकले,
माझ्या फोनच्या अगदी तोंडाशी.
"हिलाल," म्हणाले,
"मी वावरमा नही शे."